पोस्टरवरची बारीक अक्षरं

रॉक महोत्सवाचं पोस्टर हाती आलं की नजर आधी सगळ्यात वर जाते. तिथे ठसठशीत अक्षरांत दोन-तीन नावं असतात, ज्यांचे टी-शर्ट आपण कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावर विकत घेतले आणि विटेपर्यंत वापरले. त्या नावांना प्रत्यक्ष भेटायचं मनात धरून युरोपला निघाला असाल तर आधीच सांगतो, ते जवळपास अशक्य आहे. मात्र त्याच पोस्टरच्या तळाशी, चष्मा लावल्याशिवाय वाचता न येणारी चाळीस-पन्नास नावं असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांशी दोन मिनिटं निवांत बोलता येतं, सही मिळते, कधी कधी एखादी बिअरसुद्धा बरोबर घेता येते. पुढचं सगळं मार्गदर्शन हे गृहीत धरून आहे.

पुण्याला रॉक नवं नाही. 2010 च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात एनएच सेव्हन वीकेंडर महोत्सव सुरू झाला आणि पुढची काही वर्षं परदेशी बँड आपल्या दाराशी येत राहिले. स्टीव्हन विल्सन 2016 मध्ये येऊन गेला, 2017 मध्ये स्टीव्ह वाय, 2019 मध्ये ओपेथ. मैदानावर उभं राहून हे ऐकणारी मुलं आता नोकरीत स्थिरावली आहेत, हाताशी रजा आहे, थोडे पैसे आहेत, आणि त्यांना जर्मनीतलं वाकन, इंग्लंडमधलं डाउनलोड किंवा फ्रान्समधलं हेलफेस्ट गाठायचं आहे. जावं जरूर. पण पुण्याच्या दोन सवयी घरी ठेवून जावं.

पहिली सवय सवाईची, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाची. 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाने आपल्याला ऐकायला शिकवलं, तसं कलाकाराला भेटायलाही शिकवलं. गाणं संपलं की मंचामागे जायचं, वाकून नमस्कार करायचा, ‘आज मारवा काय लागला होता’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. रमणबागेत हे चालत आलं, मुकुंदनगरला गेल्यावरही थोडंफार चालतं. दुसरी सवय ओळखीची. ‘आयोजकांपैकी एक जण आपल्या मामेभावाच्या वर्गातला आहे, पास होईल’ हे वाक्य या शहरात किती कार्यक्रमांच्या आधी ऐकू येतं ते मोजायला नको. परदेशी मैदानावर ही दोन्ही हत्यारं बोथट आहेत. तिथे मनगटावरच्या पट्टीचा रंग बोलतो. प्रेक्षकाची पट्टी वेगळी, वादकांची वेगळी, पत्रकारांची वेगळी. दारावरच्या माणसाला तुमची कळकळ दिसते, पण त्याचं काम रंग बघण्याचं असतं.

या कडकपणामागे नुसता तोरा नाही. 8 डिसेंबर 1980 रोजी न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीबाहेर जॉन लेननने एका चाहत्याला नव्या अल्बमवर सही दिली, आणि त्याच रात्री त्याच माणसाने त्याला गोळ्या घातल्या. बरोबर चोवीस वर्षांनी, 8 डिसेंबर 2004 रोजी, ओहायोतल्या कोलंबसमध्ये गिटारवादक डाइमबॅग डॅरेलला वाजवत असतानाच मंचावर मारलं. म्हणून हॉटेलच्या लॉबीत दबा धरून बसणं, विमानतळावर मागे लागणं, बसचा पाठलाग करणं यांतलं काहीही करू नये. आपला हेतू निर्मळ असतो हे आपल्यालाच माहीत असतं.

आता वरच्या नावांना भेटता का येत नाही, ते बघू. मोठा बँड उन्हाळाभर देशोदेशी फिरत असतो. आज जर्मनी, परवा फिनलंड, मधला दिवस प्रवासाचा. ते उशिरा पोचतात, मंचामागच्या कुंपणात थांबतात, वाजवतात आणि बरेचदा त्याच रात्री बसमध्ये बसून निघतात. मैदानात फिरायला त्यांना ना वेळ असतो ना मोकळीक. त्यांच्यापर्यंत जाण्याचे सरळ मार्ग दोनच. एक म्हणजे पैसे भरून घेतलेलं भेटीचं पॅकेज. ते बँडच्या स्वतःच्या दौऱ्यांत जास्त असतं, महोत्सवांत क्वचित. मला त्यात फार रस नाही. रांगेतून पुढे सरकायचं, फोटो काढायचा, बाहेर पडायचं, त्याला भेट म्हणवत नाही. दुसरा मार्ग अधिकृत फॅन क्लबचा. आयर्न मेडनच्या क्लबात ‘फर्स्ट टु द बॅरियर’ नावाची सोडत असते. नाव लागलं तर दारं उघडण्याआधी आत सोडतात आणि थेट मंचासमोरच्या कठड्याशी जागा मिळते. हात मिळवायला मिळत नाही, पण गायक ब्रूस डिकिन्सनच्या भुवया दिसतात. ही सोडतही बँडच्या स्वतःच्या कार्यक्रमांना असते, महोत्सवात ती आहेच असं धरून चालू नका.

खालच्या नावांचं गणित वेगळं आहे. लहान बँड व्हॅनमधून येतो, सामान स्वतः उतरवतो, दुपारी बारा-एकला अर्धा तास वाजवतो आणि मग टी-शर्ट विकायला उभा राहतो. महोत्सवाचं मानधन तुटपुंजं असतं, पेट्रोलचा खर्च टी-शर्ट आणि सीडींच्या विक्रीतूनच निघतो. त्यामुळे विक्रीच्या टेबलामागे बरेचदा ड्रमर स्वतः सुट्टे पैसे मोजत असतो. तुम्ही टी-शर्ट घेतलात की तुम्ही गिऱ्हाईक झालात, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला कुणालाही आवडतं. शिवाय स्वतःचं वाजवून झाल्यावर हीच मंडळी तुमच्यासारखीच इतरांचं ऐकायला गर्दीत उभी असतात. निघण्याआधी महिनाभर या बारीक अक्षरांतल्या बँडचं एकेक गाणं ऐकून ठेवा आणि त्यांचे चेहरे ओळखायला शिका. ही सगळ्यात मोठी तयारी. ती फुकट आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच करत नाहीत.

त्या यादीत आपल्याकडचाही बँड असू शकतो. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन 2014 मध्ये वाकनला वाजवून आला, दिल्लीचा ब्लडीवुड 2019 मध्ये. वाकनमध्ये मेटल बॅटल म्हणून स्पर्धा असते, देशोदेशीच्या फेऱ्या जिंकलेले होतकरू बँड तिथे येतात. परक्या मैदानात कुणी हिंदीतून हाक मारली तर त्या पोरांना किती बरं वाटत असेल याची कल्पना करा, आणि हाक मारा.

वाकनचंच उदाहरण घेऊन प्रवासाचं सांगतो, कारण पुणेकराला जर्मनी तशी जवळची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे धडे घेतलेलं कुणी ना कुणी घरात निघतंच, आणि औंधात ब्रेमेन चौक आहे. खुद्द ब्रेमेनहून हॅम्बुर्ग रेल्वेने तासाभरावर. तिथून उत्तरेला इत्झेहो स्टेशन, आणि पुढे महोत्सवाच्या बस. वाकन हे जेमतेम दोन हजार वस्तीचं शेतीचं गाव. 1990 मध्ये थोमास येन्सन आणि होल्गर ह्युब्नर या दोघांनी तिथे महोत्सव सुरू केला तेव्हा सहा बँड आणि सुमारे आठशे श्रोते होते. आता पंचाऐंशी हजारांच्या आसपास लोक येतात. जुलैचा शेवट किंवा ऑगस्टची सुरुवात, असा काळ. गावच्या अग्निशमन दलाचं ब्रास बँडपथकही तिथे वाजवतं आणि काळे कपडे घातलेले हजारो लोक त्यावर नाचतात. पोस्टरवर तेही नाव असतं, चुकवू नका.

पाऊस मात्र गंभीरपणे घ्या. 2023 मध्ये तिथे इतका चिखल झाला की आयोजकांनी प्रवेश थांबवले आणि तिकिटं हातात असलेले हजारो लोक परत फिरले. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड रेनकोट (छत्री बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत) आणि रात्रीसाठी एक स्वेटर, कारण ऑगस्टातही तिथली रात्र आपल्या डिसेंबरची आठवण करून देते.

तिकिटं महोत्सव संपता संपता पुढच्या वर्षासाठी विक्रीला येतात आणि कधी कधी काही तासांत संपतात. म्हणजे व्हिसाच्या किती तरी आधी तिकीट काढावं लागतं. यात धोका आहेच. तो घ्यायचा तर महोत्सवाच्या अधिकृत फेरविक्रीची सोय कशी चालते ते आधी वाचून ठेवा, आणि अनोळखी माणसाकडून तिकीट घेऊ नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून एप्रिलपर्यंत तरी कागद देऊन मोकळे व्हा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसपर्यंत जातात. प्रौढांना शुल्क 90 युरो, 2024 च्या जूनपासून. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. प्रवासाचा हेतू लिहिताना लाजू नका. महोत्सवाचं तिकीट हा पर्यटनाचा चांगला पुरावा आहे, ते अर्जाला जोडा. तंबूत राहणार असाल तर त्याचं आरक्षण, आणि आधी-नंतर फ्रँकफुर्टच्या मावशीकडे उतरणार असाल तर तिचं निमंत्रणपत्र. ‘तिकडे जाऊन बघू’ हे उत्तर व्हिसा अधिकाऱ्याला आवडत नाही.

मैदानावर पोचल्यावर पहिलं काम सहीच्या तंबूचं वेळापत्रक शोधण्याचं. अनेक मोठ्या महोत्सवांत बँड ठरल्या वेळी टेबलाशी बसून सह्या देतात. वेळा फोनवरच्या अॅपवर, तंबूच्या फळ्यावर लागतात आणि ऐन वेळी बदलतात, म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ बघत राहा. मधल्या फळीतल्या बँडसाठी तास-दीड तास आधी रांगेत उभं राहावं लागतं. त्या वेळात दुसऱ्या मंचावर तुमचं आवडतं काहीतरी चालू असेल. काय सोडायचं हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. रांगेत उभं राहून निर्णय बदलणारा माणूस दोन्हीकडे उशिरा पोचतो.

सही कशावर घ्यायची? एलपीचं कव्हर सगळ्यात देखणं दिसतं, पण बारा इंची पुठ्ठा पावसात चार दिवस जपणं म्हणजे तान्ह्या बाळाला सांभाळणं. सीडीच्या आतली पुस्तिका उत्तम: हलकी, चपटी, झिप-पाऊचात बसणारी. पर्मनंट मार्कर स्वतःचे न्या, काळा आणि चंदेरी दोन्ही, कारण मेटलची कव्हरं काळीच असतात. चकचकीत कागदावर शाई वाळायला वेळ लागतो, लगेच मिटू नका. सही नावानिशी हवी असेल तर नाव चिठ्ठीवर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून पुस्तिकेला चिकटवा. तुमचं नाव प्राजक्ता किंवा ज्ञानदा असेल तर ही चिठ्ठी विसरूच नका. पुस्तिकेचं नेमकं पान उघडून समोर धरा. अल्बमचा अख्खा ढीग घेऊन गेलात तर मागची रांग तुम्हाला कोसेल, आणि बँडला तुम्ही विक्रेते वाटाल.

बॅगेचा आकार आधी तपासा. बऱ्याच ठिकाणी ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेता येत नाही. काचेच्या बाटल्या आणि भिंगं बदलता येणारे कॅमेरेही चालत नाहीत. फोन पुरेसा आहे. त्याची बॅटरी मात्र पुरत नाही, म्हणून पॉवर बँक, आणि तीही विमानात हातातल्या बॅगेत.

आता समोर उभं राहिल्यावर काय बोलायचं ते. इथेच सगळं फिसकटतं. तुमच्या वाट्याला पंधरा-वीस सेकंद येतात, आणि त्यांत बहुतेक जण सांगतात की आपण किती मोठे चाहते आहोत, कधीपासून ऐकतो, किती दूरवरून आलो. समोरचा माणूस ‘थँक यू’ म्हणतो, दुसरं काही म्हणणं त्याला शक्यच नसतं. त्यापेक्षा एक नेमका प्रश्न न्या, ज्याचं उत्तर त्याला एका वाक्यात देता येईल. अमुक गाण्याच्या शेवटी सगळे थांबतात आणि बास एकटाच वाजत राहतो, ते कुणाला सुचलं? अमुक ठिकाणचा तो खरखरीत आवाज गिटारचा की आणखी कशाचा? असा प्रश्न आला की थकलेला वादक मान वर करून बघतो. त्याला कळतं की या माणसाने ऐकलंय. सवाईत बुजुर्ग श्रोते ‘छान झालं’ म्हणून थांबत नाहीत, अमक्या जागेबद्दल बोलतात. ती तालीम इथे कामी येते. प्रश्न इंग्रजीत आधी मोठ्याने म्हणून बघा. मनात सरळ वाटणारं वाक्य ऐन वेळी तोंडात अडकतं.

पुण्याचं नाव जरूर घ्या, पण जपून. पन्नाशीच्या पुढच्या जर्मन माणसाला ‘पूना’ म्हटलं की कोरेगाव पार्कातला ओशोंचा आश्रम आठवतो, आणि त्याची मावशी तिथे कशी राहून गेली हे ऐकण्यात तुमचे वीस सेकंद संपतात.

पायांना हात लावू नका. टेबलाखाली अचानक वाकलेला माणूस सुरक्षारक्षकाला भलताच वाटतो, आणि वादक दचकून उठतो. दोन हात जोडून केलेला नमस्कार मात्र सगळीकडे कळतो. कोविडनंतर अनेक जण हस्तांदोलन टाळतात, त्यांना तो उलट सोयीचा वाटतो. फोटो हवा असेल तर आधी विचारा. ‘नाही’ आलं तर तिथेच सोडा. ‘हो’ आलं तर कॅमेरा उघडलेला फोन मागच्या माणसाच्या हातात आधीच दिलेला असावा, आणि त्याचा फोटो मग तुम्ही काढायचा, हा रांगेतला अलिखित करार. फोनबद्दल काही बँड फार कडक असतात. टूल आपल्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्यापर्यंत चित्रीकरण करू देत नाही, स्टीव्हन विल्सनलाही समोर उंचावलेले फोन खपत नाहीत. ज्याला भेटायचंय त्याच्या आवडीनिवडी माहीत असाव्यात, एवढं साधं आहे.

भेटवस्तू न्यायचा मोह होतो. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच. बाकरवडीचं बंद पाकीट चालतं. मोठ्या वादकाला अनोळखी माणसाने दिलेलं त्याची माणसं खाऊ देणार नाहीत, पण टेबलामागे दिवसभर उभ्या असलेल्या लहान बँडपुढे पाकीट फोडून स्वतः एक तोंडात टाकलीत तर ते संपायला पाच मिनिटं लागत नाहीत. तेवढ्यात बोलणं होतं.

भेट झाली नाही तरी हाताला काही लागू शकतं. कार्यक्रम संपताना पिक, ड्रमच्या काड्या गर्दीत भिरकावल्या जातात. मंचावर चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद मागे आवराआवर करणाऱ्या माणसाकडे खुणेने मागता येतो. आरडाओरडा न करणाऱ्याला तो सहसा मिळतो. कठड्याशी लहान मूल असेल तर तुमचा नंबर दुसरा.

कठड्यापर्यंत जाण्याबद्दल मात्र हात आखडता घेऊन लिहितो. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत ओल्या जमिनीवर लोक घसरून पडले, मागचा रेटा थांबला नाही आणि नऊ तरुण गेले. त्यानंतर तिथे मंचासमोरची जागा कठड्यांनी वेगवेगळी केली गेली. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जनाची गर्दी झेलली आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ती गर्दी वाहती असते. ही एका जागी उभी राहून दाबते. श्वास कोंडतोय असं वाटताच पुढे-मागे न जाता तिरके बाजूला सरका. कुणी पडलं तर आधी उचला. कानात बोळे नव्हे, संगीतासाठी मिळणारे इअरप्लग घाला. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटांनंतर कानाला धोका सुरू होतो, आणि तुम्ही तिथे रोज दहा-बारा तास असणार आहात.

आणि व्हिसा नाकारला गेला तर? मुंबईत 2023 पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा भरतो. वरची नावं तिथेही कुंपणापलीकडेच राहतात, पण खालची तिथेही असतात आणि भाषेची अडचण नसते. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून दादरला उतरा, पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठा. दुपारी पहिला बँड वाजवायला लागतो तेव्हा मैदान निम्मं रिकामं असतं आणि कठड्याशी हवी तेवढी जागा मिळते. परतीला मात्र रेल्वेवर विसंबू नका. दादरहून रात्रीच्या बसचं तिकीट जातानाच काढून ठेवा.